पद्मिनीचं वायरिंग: व्होल्टेज कुठे मरतं, करंट कुठे गळतो

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, बारा व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं), बॅटरी ४५ एएच (अँपिअर-तास). मूळचा डायनॅमो मधल्या काळात कधीतरी निघून अल्टरनेटर बसला, पण हार्नेस, म्हणजे गाडीभर फिरणारा वायरींचा जुडगा, तोच राहिला. त्यात प्रत्येक हाताने आपापला टेपचा गुंडाळा चढवलेला.

तक्रारी चार. तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. हेडलाइट पिवळे पडलेत. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मिणमिणतो. सेल्फ एका वेळी जोरात फिरतो, दुसऱ्या वेळी कण्हतो. गॅरेजात यावर ठरलेली उत्तरं मिळतात: नवी बॅटरी, जास्त वॅटचे बल्ब, नवा फ्लॅशर, सेल्फचं ओव्हरहॉल. या नोंदींत यातलं एकही घेतलेलं नाही.

सामान मोजकं: १० अँपिअरची रेंज असलेला डिजिटल मल्टिमीटर, २१ वॅटच्या इंडिकेटर बल्बला दोन वायरी आणि क्रोकोडाइल क्लिपा लावून केलेला टेस्ट लॅम्प, पाच मीटरची सुटी वायर, पॉलिश पेपर, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) आणि ते दाबून बसवायची क्रिम्पिंगची पकड.

टेस्ट लॅम्प २१ वॅटचाच का, तेही सांगतो. डिजिटल मीटर जवळपास करंट ओढतच नाही. त्यामुळे कळकलेल्या टर्मिनलमधूनही तो बिनदिक्कत १२.४ व्होल्ट दाखवतो. त्याच टर्मिनलवर पावणेदोन अँपिअर मागणारा बल्ब लावा, लगेच खरं-खोटं होतं. कंटिन्युइटीच्या 'पीं' आवाजाचंही तेच. ०.२ ओहमचा खराब जोड आणि मीटरच्या स्वतःच्या वायरी यांत त्याला फरक कळत नाही. पण त्या ०.२ ओहममधून हेडलाइटचे साडेचार अँपिअर गेले की ०.९ व्होल्ट तिथेच मरतात. म्हणून या गाडीवर ओहम रेंज बाजूला ठेवली. सगळी मोजमापं लोड चालू ठेवून, व्होल्टमध्ये.

नोंद १: सेल्फ आणि इंजिनाचा अर्थ

आधी बॅटरी. रात्रभर चार्जरवर ठेवून, हेडलाइट दोन मिनिटं लावून वरवरचा चार्ज उतरवला आणि अर्ध्या तासाने मोजलं: १२.६५. म्हणजे भरलेली. १२.२ असती तर निम्मी समजायची आणि पुढचं एकही रीडिंग धरायचं नाही.

कॉइलची पॉझिटिव्ह वायर काढून टेप लावला, म्हणजे गाडी सुरू न होता सेल्फ फिरतो. पाच सेकंदांहून जास्त मारायचा नाही. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या खुंट्यांवर १०.४ व्होल्ट, पण सेल्फचा बोल्ट आणि त्याची बॉडी यांच्यात ८.६. १.८ व्होल्ट वाटेत गेले.

ते कुठे गेले हे शोधायला मीटर नेहमीसारखा पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लावायचा नाही. एकाच वाटेच्या दोन टोकांना लावायचा. पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.५ आले, चालतील. निगेटिव्ह खुंटीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत १.३ आले, हे अजिबात नको, ०.३च्या आत हवेत. त्याचे तुकडे केले: खुंटी ते क्लॅम्प ०.२, क्लॅम्प ते बॉडी ०.२, बॉडी ते ब्लॉक ०.९. शेवटचा आकडा बोलका आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे बॉडीशी त्याचं विजेचं नातं फक्त अर्थच्या पट्टीचं. ती पट्टी थिंबलजवळ तुटत तुटत चार तारांवर आलेली होती.

पट्टी पूर्ण तुटली तर सेल्फचा करंट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून बॉडीत उतरतो. सेल्फ मारल्यावर चोकचा दांडा गरम लागला, तर मीटर न काढताही निदान झालं. या गाडीत केबलच्या आवरणाचं प्लॅस्टिक एका जागी वितळून चिकटलेलं सापडलं, ते यामुळेच.

नवी विणलेली पट्टी २५ चौ.मिमी, ८ मिमीच्या भोकांची. दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, आवळला आणि मग वरून पेट्रोलियम जेली. खुंटी आणि क्लॅम्प पॉलिश पेपरने घासले. आता निगेटिव्ह बाजूला ०.२, सेल्फवर ९.४. बॅटरीवरचं रीडिंग मात्र १०.४ वरून १०.१ वर उतरलं. घाबरू नका, अडथळा गेल्याने सेल्फ जास्त करंट ओढतोय. ९.६च्या खाली गेलं असतं तर बॅटरीकडे बघायचं.

नोंद २: मागचा डावा दिवा

हे पंधरा मिनिटांचं काम. पाच मीटरची वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून डिकीपर्यंत ओढली, तिला मीटरची काळी दांडी, लाल दांडी डाव्या दिव्याच्या होल्डरच्या पत्र्याला. ब्रेक दाबला: ३.८ व्होल्ट. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी हवं.

ब्रेकच्या २१ वॅटच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला बॉडीत उतरायला नीट वाट नाही. मग तो शेजारच्या इंडिकेटर बल्बमध्ये उलटा शिरतो, त्याच्या वायरीने पुढच्या डाव्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथला अर्थ पकडतो. मागचा बल्ब मिणमिणतो तो असा. फ्लॅशर बदलून यात काडीचा फरक पडणार नाही.

दिव्याचा अर्थ त्याच्या बसवणीच्या स्क्रूंमधून जातो, आणि या गाडीला रंग देताना स्क्रूच्या भोकातही रंग गेला होता. होल्डरपासून डिकीतल्या बोल्टपर्यंत १.५ चौ.मिमीची वेगळी वायर टाकली. ३.८ चे ०.०४ झाले. उजव्या दिव्यालाही तशीच वायर टाकून घेतली, तिथे ०.६ होते. जाता जाता बल्बही बघा: २१/५ वॅटच्या डबल फिलामेंट बल्बच्या जागी साधा बल्ब कोंबला असेल, तर त्याचं एकच टोक दोन्ही संपर्कांना टेकून हाच खेळ होतो.

नोंद ३: हेडलाइट

एच-४ बल्ब, ६०/५५ वॅट. इंजिन चालू, डिपर खाली, बॅटरीवर १३.४. बल्बच्या मागच्या सॉकेटवर, सॉकेट बल्बला जोडलेलं ठेवून, १०.९. सॉकेट काढून मोजाल तर १३.३ येईल आणि तुम्ही बल्बला दोष द्याल.

अडीच व्होल्ट म्हणजे किती, हे आकड्याने कळत नाही. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने बदलतो. व्होल्टेज १९ टक्के घटलं की उजेड निम्म्यावर येतो. अशा गाडीत १००/९० वॅटचे बल्ब घातले तर करंट वाढतो, त्याच प्रमाणात वाटेत मरणारं व्होल्टेजही वाढतं, आणि जास्तीच्या वॅटचा बराच भाग स्विचमध्ये जळतो.

अडीच व्होल्टचा हिशेब असा लागला. बॅटरीपासून स्विचच्या तोंडापर्यंत ०.६, स्विचच्या आत १.१, फ्यूजच्या क्लिपांवर ०.३, पुढच्या वायरीत ०.२, दिव्याच्या अर्थवर ०.३.

स्टिअरिंगखालच्या स्विचच्या १.१ वर जरा थांबू. दोन्ही दिव्यांचे मिळून नऊ अँपिअर त्यातून जातात. १.१ गुणिले नऊ, म्हणजे दहा वॅट उष्णता, त्या काडेपेटीएवढ्या जागेत. लहान सोल्डरिंग आयर्न आत चालू ठेवल्यासारखंच. स्विच उघडल्यावर तेच दिसलं: पितळी पट्टीचा रंग जांभळट, स्प्रिंगचा ताण गेलेला, खालचं बेकेलाइट तपकिरी. काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३मध्ये अधिकृतपणे उतरली. तेव्हापासून चांगला स्विच मिळणं नशिबाचं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालाच तर घेण्याआधी चाळवून बघा. दांडी ढिली आणि 'टक' आवाज नाही, तर आतली स्प्रिंग याच स्विचसारखी गेलेली.

स्विच साफ केला, पट्टी वाकवून ताण परत आणला, पण मुळात हा भार त्याच्यावर नकोच. दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवले, एक डिपरला आणि एक फुलला. चार पिनांचे, ३० अँपिअरचे. जुनी वायर फक्त ८६ नंबरच्या पिनेला, तिच्यातून आता पाव अँपिअरही जात नाही. ८५ अर्थला. ३०ला बॅटरीपासून ४ चौ.मिमीची नवी वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात ३० अँपिअरचा फ्यूज. ८७पासून २.५ चौ.मिमी. इथे एक आळस हटकून होतो: डाव्या-उजव्या दिव्याला मिळून एकच फ्यूज. तो उडाला की घाटात दोन्ही दिवे एकदम जातात. प्रत्येक फिलामेंटला वेगळा १० अँपिअरचा, म्हणजे एकूण चार. अर्थही नवा, २.५चा, दिव्याच्या वाटीपासून थेट रेडिएटरजवळच्या बोल्टला.

जुनी वायर जोडाजवळ सोलली तर आतलं तांबं काळं. ते सोल्डर धरत नाही आणि क्रिम्पही फार दिवस टिकत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जायचं. इथे अकरा सेंटिमीटर कापावं लागलं. कोकणपट्टीच्या हवेत वायरीच्या आवरणाखाली ओल तारांमधून वर चढत जाते, त्यामुळे बाहेरून वायर नवी वाटली तरी विश्वास नको. वायरीच्या रंगावरही नको, मधल्या जोडात रंग तीनदा बदललेले आहेत.

निकाल: बॅटरीवर १३.४ असताना बल्बवर १३.०.

नोंद ४: चार्जिंग आणि रात्रीची गळती

पण १३.४ सुद्धा कमीच. सगळे दिवे आणि वायपर लावून अल्टरनेटरच्या बी-प्लस बोल्टवर (जिथून करंट बाहेर पडतो) १४.३ येत होते. तिथून बॅटरीपर्यंतची मधली वायर डायनॅमोच्या काळातली. तो जेमतेम १६-२० अँपिअर द्यायचा, तेवढ्याच हिशेबाची. तिच्या जागी ६ चौ.मिमी टाकली, डायनॅमोच्या जुन्या कटआउटच्या डब्यातून न फिरवता थेट. बोल्टवर १४.२, बॅटरीवर १४.०, बल्बवर १३.६.

आता गळती. चावी काढली, दारं बंद, बॉनेटखाली दिवा नाही. बॅटरीचं निगेटिव्ह काढून खुंटी आणि केबल यांच्यामध्ये मीटर, लाल दांडी १० अँपिअरच्या भोकात. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. रीडिंग ०.३६ अँपिअर. दिवसाला साडेआठ एएच. तीन दिवसांत निम्म्याहून जास्त बॅटरी रिकामी. तक्रारीशी तंतोतंत जुळतं.

फ्यूज एकेक काढले. स्टिरिओचा काढल्यावर ०.०२ कमी झाले, ती मेमरी, तिला माफ. बाकी सगळे फ्यूज काढले तरी ०.३४ जागचे हलेनात. इथे बरेच जण मीटरवर संशय घेतात. फ्यूजच्या डब्यातून न जाणाऱ्या वाटा आठवा: अल्टरनेटरचा बी-प्लस, सेल्फ, इग्निशन स्विचची मुख्य वायर. बॅटरी सोडवून बी-प्लसचा नट काढला, टोकाला टेप लावला, मीटर परत जोडला: ०.००.

अल्टरनेटरमधला डायोड, म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गळका. बॅटरीचा करंट गळक्या पॉझिटिव्ह डायोडमधून उलटा स्टेटरच्या (न फिरणाऱ्या) गुंडाळीत आणि तिथून फील्डमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या चुंबकाच्या गुंडाळीत जातो. सकाळी बॉनेट उघडून हात लावला तर रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर कोमट लागतो. खात्रीसाठी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजले: १.१. अर्ध्याच्या वर गेले की डायोड बघायचे. मात्र काही स्वस्त मीटर एसी रेंजवर बॅटरी लावली की २५-२६ दाखवतात आणि दांड्या उलट्या केल्या की शून्य. तसला मीटर या चाचणीला चालत नाही.

डायोड प्लेट बदलली, स्टेटरच्या तीन वायरी सोल्डर केल्या, ब्रश १२ मिमीचे होते म्हणून तसेच ठेवले. एसी आता ०.०४, गळती ०.०२. डायोड जायचं कारण बहुधा जुनी सवय. डायनॅमोच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लॅम्प उचलून 'चार्जिंग बघायची' पद्धत होती. अल्टरनेटरवर ते केलं की व्होल्टेज उसळतं आणि डायोड किंवा रेग्युलेटर जातो.

चार्जिंगचा लाल दिवा चावी फिरवल्यावर, इंजिन बंद असताना लागलाच पाहिजे. २-३ वॅटचा तो बल्बच फील्डला सुरुवातीचा करंट देतो. तो उडाला किंवा त्या जागी एलईडी घातला, की अल्टरनेटर आयडलिंगला जागाच होत नाही, रेस दिल्यावर होतो. इथे कोणीतरी एलईडीच घातला होता, काढला.

राहिलेलं

वायपर ओल्या काचेवर ५.८ अँपिअर ओढतो आणि मधेच अडतो. मोटरवर १२.९ पोचतायत, म्हणजे दोष वायरिंगचा नाही. आधी स्पिंडलला तेल, मग गिअरबॉक्समधलं वाळून साबणासारखं झालेलं ग्रीस. पेट्रोलचा काटा दिवे लावले की पाव टाकी खाली येतो. टाकीतल्या सेंडरचा (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाचा) अर्थ अजून मोजलेला नाही.