ईसीजीवर छापलेली वेळ

ईसीजीचा कागद हातात आला की आपण ठोक्यांची गती, क्यूटी अंतर आणि एसटीची रेषा पाहतो; कोपऱ्यात छापलेल्या वेळेकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. माझ्या मते ती वेळही तपासणीचाच भाग आहे, कारण साधा ईसीजी हृदयाच्या विद्युत क्रियेची जेमतेम १० सेकंदे टिपतो आणि ही क्रिया दिवसभर एकसारखी नसते.

झोपेत ठोके मंदावतात आणि क्यूटी लांबतो, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाचे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला अधिक वेळ घेतात. हे केवळ मज्जासंस्थेचे काम नव्हे. क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील डार्विन जेयराज, मुकेश जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले की शरीरातल्या जैविक घड्याळाबरोबर केएलएफ१५ या प्रथिनाचे प्रमाण कमीजास्त होते आणि त्यावर हृदयपेशींतील एका पोटॅशियम प्रवाहाचा जोर अवलंबून असतो. उंदरांमध्ये हे प्रथिन काढून टाकले तेव्हा आणि गरजेपेक्षा जास्त तयार होऊ दिले तेव्हाही क्यूटीचा दैनंदिन चढउतार नाहीसा झाला, आणि दोन्ही प्रकारच्या उंदरांत खालच्या कप्प्यांचे ठोके घातक रीतीने बिघडण्याची शक्यता वाढली. मला या प्रयोगातली हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण दैनंदिन तालाचा अभाव हाच येथे धोका ठरतो. उंदीर निशाचर असल्याने त्यातल्या वेळा मात्र माणसाला जशाच्या तशा लावता येत नाहीत.

माणसांत आकस्मिक हृदयमृत्यू सकाळी अधिक होतात, असे मॅसॅच्युसेट्समधील मृत्युदाखल्यांवरून १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले; ७ ते ११ हा काळ त्यात ठळकपणे पुढे आला. म्हणून सकाळ सर्वांनाच धोक्याची, असे मात्र म्हणता येत नाही. ब्रुगाडा सिंड्रोम या हृदयाच्या विद्युत क्रियेतील विकारात संकट बहुधा विश्रांतीत किंवा रात्रीच्या झोपेत ओढवते, आणि त्याची ईसीजीवरची खूण कधी उमटते, कधी पुसली जाते. त्यामुळे दुपारच्या एका निर्दोष कागदावर विसंबून अशा रुग्णाला निश्चिंत करणे योग्य नव्हे.

चोवीस तासांच्या होल्टर नोंदीचे, म्हणजे अंगावर बाळगलेल्या छोट्या यंत्राने सलग घेतलेल्या ईसीजीचे, मोल येथे कळते. १९८७ मध्येच क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या ठोक्यांमधील अंतराचे प्रमाण विचलन, म्हणजे ते अंतर सरासरीपासून किती कमीजास्त होते याचे माप, ५० मिलिसेकंदांहून कमी होते, त्यांच्या मृत्यूचा धोका १०० हून अधिक विचलन असलेल्यांच्या ५.३ पट होता. दिवस आणि रात्र यांतला फरक या मापात आपोआप मोजला जातो. १० सेकंदांच्या पट्टीत तो येणे शक्यच नाही. तरीही होल्टरच्या अहवालात बहुतेकांचे लक्ष सरासरी गतीकडे आणि जादा ठोक्यांच्या संख्येकडे जाते, झोपेतले व जागेपणीचे आकडे शेजारी ठेवून फारसे कोणी पाहत नाही. रुग्णाने होल्टरच्या रोजनिशीत झोपण्या-उठण्याची आणि गोळी घेण्याची वेळ काळजीपूर्वक लिहिली, तर ही तुलना त्याच अहवालातून, कोणत्याही नव्या उपकरणाशिवाय करता येते.