नाशिकच्या हवामानात जिवंत प्लवक : हिवाळा ते पावसाळा

खाऱ्या पाण्याच्या टाकीतील मँडरिन मासा कोरडे खाद्य सहसा स्वीकारत नाही. तो दिवसभर दगडांवरचे बारीक जीव टिपत असतो. त्याच्यासाठी घरी कोपेपॉड (कवचधारी सूक्ष्म जलचर) आणि त्या कोपेपॉडसाठी सूक्ष्म शैवाल, म्हणजे पाण्यात तरंगणारे जिवंत प्लवक, वाढवण्याचे काम मी गेल्या हिवाळ्यात हाती घेतले. आतापर्यंतच्या नोंदींवरून माझे मत असे झाले आहे की, आपल्या गावात या छंदाचे यश खतापेक्षा तापमानावर अधिक अवलंबून आहे.

शैवालासाठी नॅनोक्लोरॉप्सिस निवडले. त्याच्या पेशी जेमतेम २ ते ४ मायक्रॉनच्या असतात आणि ते बऱ्यापैकी सोशिक असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्याने आरओचे पाणी, समुद्री मीठ आणि एफ/२ हे शैवालाचे खत-द्रावण वापरतो. हवा एअरस्टोनऐवजी (बारीक बुडबुडे काढणाऱ्या सच्छिद्र दगडाऐवजी) कडक नळीतून मोठ्या बुडबुड्यांनी सोडतो, म्हणजे पेशी तळाशी बसत नाहीत. पाणी गडद हिरवे झाले की साधारण तिसरा हिस्सा काढून तेवढेच नवे खारे पाणी घालतो. उरलेले शैवाल विरजणासारखे पुढची वाढ सुरू करते. एक बाटली मात्र फ्रिजमध्ये राखीव असते.

बहुतेक संवर्धित शैवाले १६ ते २७ अंश सेल्सिअस तापमान सहन करतात. १६ च्या खाली वाढ मंदावते, तर ३५ च्या वर अनेक जाती मरतात. नाशिकचा हिवाळा आणि एप्रिल-मेच्या दुपारा या दोन्ही टोकांना भिडतात. म्हणून सर्व बाटल्या पाण्याने भरलेल्या एकाच टबात ठेवल्या. थंडीत त्या टबातील पाण्यात टाकीचा साधा हीटर लावला. उन्हाळ्यात हीटर काढून टबाच्या पृष्ठभागावर छोटा पंखा फिरवला. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्याने बाष्पीभवनाने पाणी काही अंशांनी थंड राहते. हाच उपाय मुंबईच्या दमट हवेत इतका लागू पडणार नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडेही पंख्याचा फारसा उपयोग होत नाही. मात्र तेव्हा उष्माच उतरलेला असतो. कोरड्या हवेचा तोटा असा की कोपेपॉडच्या उघड्या ट्रेमधील पाणी आटून क्षारता चढते, त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटर या क्षारतामापकाने वरचेवर तपासून केवळ आरओचे पाणी भरावे लागते, मिठाचे नव्हे.

प्राणी-प्लवकांपैकी टिस्बे जातीचे कोपेपॉड ठेवले आहेत. ते पृष्ठभागांवर रांगत शैवाल आणि कुजके कण खातात, म्हणून खोल बाटलीपेक्षा पसरट ट्रे त्यांना अधिक मानवतो. रोटिफर हे दुसरे सूक्ष्म प्राणी-प्लवक टिस्बेपेक्षा फार झपाट्याने वाढतात आणि क्लाउनफिशच्या पिल्लांना पहिला घास म्हणून तेच सोयीचे, परंतु त्यांचे पोषणमूल्य त्यांनी नुकतेच खाल्लेल्या अन्नावर ठरते. नॅनोक्लोरॉप्सिसमध्ये ईपीए हे ओमेगा-३ मेदाम्ल भरपूर असले तरी डीएचए हे दुसरे ओमेगा-३ मेदाम्ल जवळपास नसते, म्हणून रोटिफर पाळणाऱ्यांनी जोडीला डीएचए असलेले आयसोक्रायसिस हे शैवाल ठेवावे. शिवाय चुकून एखादा रोटिफर शैवालाच्या बाटलीत शिरला की तिथेच त्यांची पैदास होऊन हिरवे पाणी पाहता पाहता निवळते. दोन्हींच्या नळ्या, चाळण्या आणि मापे यांत सरमिसळ होता कामा नये. माझ्यासारख्या एका माशासाठी एवढा खटाटोप करणाऱ्याने रोटिफर टाळलेलेच बरे.

सध्या ट्रेमधील पाणी बारीक जाळीतून गाळून टाकीत सोडतो, तेही दिवे मालवल्यावर आणि पंप थोडा वेळ बंद ठेवून, म्हणजे कोपेपॉडना दगडांत आसरा घेता येतो. पुढच्या उन्हाळ्याआधी उष्णता अधिक सोसणाऱ्या ॲपोसायक्लॉप्स जातीच्या कोपेपॉडचा स्वतंत्र ट्रे लावण्याचा विचार आहे.