दोन मार्चच्या आधी

रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

२ मार्चला बरोबर पंधरा दिवस उरले. कॅल ग्रँट, म्हणजे कॉलेजसाठी कॅलिफोर्निया राज्याची परत न फेडायची मदत, हवी असेल तर ड्रीम ॲक्टचा अर्ज (कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठीचा राज्याचा अर्ज) त्या दिवसापर्यंत गेला पाहिजे आणि शाळेकडून जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, सुद्धा त्याच दिवसापर्यंत पोचला पाहिजे. अर्ज १ ऑक्टोबरच्या सुमारास खुला होतो, म्हणजे हातात पाच महिने असतात. तरी अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसलेल्या घरांत तो फेब्रुवारीपर्यंत तसाच पडून राहतो, कारण नाव-पत्ता कुठेही लिहायची धास्ती असते. या धास्तीला मी नावं ठेवणार नाही. पण तिच्यापायी हक्काचे पैसे बुडतात तेव्हा जीव तुटतो.

पहिला घोळ दोन अर्जांचा. फॅफ्सा हा कॉलेजच्या मदतीसाठी केंद्र सरकारचा अर्ज. कागदपत्रं नसलेल्या मुलांनी तो भरायचा नाही. केंद्राची पेल ग्रँट त्यांना मिळत नाहीच, वर सगळी माहिती मात्र केंद्राकडे जाते. ड्रीम ॲक्टचा अर्ज राज्याचा, तो कॅलिफोर्निया स्टुडंट एड कमिशनकडे जातो. 'दोन्ही भरून ठेवू, लागेल तो लागेल' हा हिशेब इथे अंगाशी येतो. मूल अमेरिकी नागरिक आहे पण आई-वडिलांकडे कागद नाहीत, अशा घरांना २०२४ पासून एक वाट आहे: अशा मुलालाही राज्याच्या मदतीपुरता ड्रीम ॲक्टचा अर्ज भरता येतो. पेल ग्रँटवर मात्र मग पाणी सोडावं लागतं. हा निर्णय घरानेच घ्यायचा, बाहेरच्याने नाही.

आणि शाळेतले काउन्सेलर अर्जाबद्दल विचारतात म्हणून दचकायचं कारण नाही. राज्याचा नियमच आहे की बारावीच्या प्रत्येक मुलाने दोन्हीपैकी एक अर्ज भरावा, नाहीतर नको असल्याचं लिहून द्यावं. सगळ्यांनाच विचारतात.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आज प्रेसिडेंट्स डे, कॉलेजांची ऑफिसं बंद. मग आज कायद्याचं लिहून ठेवते.

१९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात सांगितलं की शाळेत येणाऱ्या मुलाला कागदांवरून नाकारता येणार नाही. ते बारावीपर्यंतच. पुढे १९९६ च्या केंद्रीय कायद्यांनी राज्यांना अट घातली: अशा लोकांना मदत द्यायची तर त्यासाठी नवा, स्पष्ट कायदा करा, आणि फक्त 'इथे राहतो' एवढ्यावर फीची सवलत देऊ नका. कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये एबी ५४० हा फीच्या सवलतीचा कायदा केला तो या अटीला धरून. सवलत राहण्यावर नाही, शिकण्यावर: कॅलिफोर्नियात तीन वर्षं शाळा आणि इथलाच डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर कायदा उचलून धरला, कारण दुसऱ्या राज्यात राहायला गेलेला नागरिकही ही अट पूर्ण करू शकतो. २०११ च्या ड्रीम ॲक्टने सवलतीच्या पुढे जाऊन सरकारी मदतच खुली केली, आणि २०१८ पासून ॲडल्ट स्कूल आणि कम्युनिटी कॉलेजातली वर्षंही धरली जाऊ लागली.

टेक्सासनेही असा कायदा २००१ मध्येच केला होता. जून २०२५ मध्ये केंद्राने दावा लावला, राज्याने विरोध केला नाही, आणि कायदा गेला. नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या न्याय खात्याने कॅलिफोर्नियावरही दावा लावला. म्हणून 'यंदा भरण्यात अर्थ आहे का' असा प्रश्न येतो. निकाल लागेपर्यंत कायदा उभा आहे आणि मुदतही उभी आहे. खटल्याच्या भीतीने न भरलेला अर्ज पुढे कोणालाच जिवंत करता येत नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

माझ्या मते पैसे अपात्र ठरल्याने जातात त्याहून जास्त कागद एकमेकांना न भेटल्याने जातात. कागद तीन: अर्ज, जीपीए, आणि एबी ५४० च्या अटी पूर्ण करतो असं सही करून द्यायचं प्रतिज्ञापत्र. पहिले दोन कमिशनकडे जमतात, तिसरा कॉलेजकडे पोचावा लागतो. मुलाचं नाव तिन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखं हवं.

अर्जातल्या सोशल सिक्युरिटी नंबरच्या चौकटीत सगळ्यात जास्त चुका होतात. नंबर नसेल तर ती चौकट रिकामीच ठेवायची. आयटिन हा कर भरायचा नंबर आहे. तोही नऊ आकडी असतो, ९ ने सुरू होतो, चौकटीत चपखल बसतो आणि म्हणूनच चुकून टाकला जातो. टाकायचा नाही. डाकाखाली (लहानपणी आलेल्या, कागद नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी केंद्राची योजना) मिळालेला सोशल सिक्युरिटी नंबर असेल तर तो मात्र टाकायचा. पण डाकासाठी जून २००७ पासून इथे राहत असणं लागतं, आणि २०२१ च्या कोर्टाच्या आदेशानंतर नव्या मुलांचे अर्ज मंजूर होत नाहीत. त्यामुळे आज बारावीत असलेल्या बहुतेकांकडे नंबर नाहीच. त्यांची ओळख पटते ती शाळेच्या दहा आकडी राज्य क्रमांकावरून. तो काउन्सेलरकडून किंवा ट्रान्सक्रिप्टवरून आधीच घेऊन ठेवावा.

नावाचं दुखणं आपल्या लोकांना लगेच कळेल. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आहे, शाळेने ते गाळलंय, आणि अर्जात कोणी ते आडनावाला जोडून टाकलंय: कॉम्प्युटरच्या लेखी ही तीन माणसं झाली. अर्जातलं नाव शाळेच्या नोंदीसारखं ठेवायचं. जीपीए सरकारी शाळा बारावीच्या मुलांचे स्वतःहून पाठवतात, पण पोचला की नाही ते मुलाने बघायचं. कॅल ग्रँट ए साठी किमान ३.०, बी साठी २.०.

चोवीस वर्षांखालच्या बहुतेक मुलांना आई-वडिलांची माहिती द्यावी लागते. त्यांना सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी, ते परदेशात असले तरी. परदेशातली कमाई डॉलरमध्ये लिहायची. २०२६-२७ साठी उत्पन्न २०२४ चं लागतं. रोखीने मजुरी मिळते, रिटर्न भरलेला नाही, म्हणून 'शून्य' लिहू नये. जे मिळवलं ते मिळवलं म्हणून लिहावं. शून्यावर कॉलेज पडताळणी लावतं आणि मग घर कसं चालतं याचा खुलासा मागतं, तोही ऐन मे-जूनमध्ये. आणि शेवटी आई किंवा वडिलांची सही. 'सेव्ह' केलेला अर्ज म्हणजे पाठवलेला अर्ज नव्हे, सहीवाचून तो अपुराच धरतात.

शनिवार, २१ फेब्रुवारी

प्रतिज्ञापत्रातल्या एका ओळीशी मुलं थबकतात. सही करणारा त्यात म्हणतो की मी माझा इमिग्रेशन दर्जा कायदेशीर करण्यासाठी अर्ज केला आहे, किंवा तसं करायला पात्र होताच करीन. वाचून वाटतं की आता लगेच कुठेतरी हजर व्हायचंय. तसं नाही. ज्याला आज कुठलाच मार्ग खुला नाही तो आज काहीच करायला बांधील नाही, मार्ग खुला झाला तर करीन एवढंच वचन आहे. ही ओळ मोठ्याने, घरच्या भाषेत समजावून सांगावी. इंग्रजीत ती नुसती वाचून दाखवली की आया सही करायच्या थांबतात, असं होतं.

मराठी घरांसाठी एक वेगळी गोष्ट. एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या मुलांना हा अर्ज चालत नाही. एबी ५४० मधून चालू नॉन-इमिग्रंट व्हिसा असलेले वगळले आहेत, अपवाद फक्त टी आणि यू व्हिसाचा, जे मानवी तस्करीच्या आणि गुन्ह्यांच्या बळींना मिळतात. एच-४ वाल्याला रहिवासी म्हणून फी कमी होऊ शकते, राज्याची ही मदत नाही. डाकाही त्यांच्यासाठी नव्हताच, कारण त्याला १५ जून २०१२ रोजी दर्जा नसणं ही अट होती. आणि एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो. ग्रीन कार्डच्या रांगेत वाढलेलं मूल त्या दिवशी दर्जाविना उभं राहू शकतं, मग एबी ५४० लागू होतो खरा, पण दर्जाविना १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं, वर्ष किंवा अधिक झालं तर दहा वर्षं परत येण्यावर बंदी. मदतीसाठी म्हणून व्हिसा जाऊ द्यायचा सल्ला कोणीही देऊ नये. हा प्रश्न इमिग्रेशनच्या वकिलापुढेच न्यायचा, आणि एकविसाव्या वर्षाच्या बऱ्याच आधी.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

अर्ज गेला की पोचपावतीचं पान उतरवून ठेवायचं, तारखेसकट. मग वेबग्रँट्सवर, म्हणजे कमिशनच्या वेबसाइटवर, मुलाचं खातं उघडायचं. कॅल ग्रँट मंजूर झाली का, कोणत्या कॉलेजच्या नावावर आहे, हे तिथेच कळतं. कॉलेज बदललं तर तिथेच बदलायचं. बारावी पास झाल्याची खात्रीही तिथे मुलाने स्वतः द्यायची असते. शाळा संपली, सुट्टी लागली की नेमकं हेच राहतं.

२ मार्च हुकलीच तर सगळं संपत नाही. कम्युनिटी कॉलेजात जाणाऱ्यांसाठी २ सप्टेंबरची दुसरी मुदत आहे. शिवाय तिथली ४६ डॉलर प्रति युनिट ही फी प्रॉमिस ग्रँटने माफ होते, तिचा वेगळा छोटा अर्जही असतो. यूसी आणि सीएसयू या राज्याच्या दोन विद्यापीठ-समूहांमध्ये राज्याचं ड्रीम लोनही आहे, वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत. ते कर्ज आहे, फेडायचं आहे, म्हणून ग्रँट सगळ्या लागून गेल्यावरच त्याकडे बघावं.

कॉलेजचं पहिलं बिल आलं की रकमेच्या आधी एक शब्द शोधायचा: नॉन-रेसिडेंट, म्हणजे राज्याचा रहिवासी नसलेला. यूसीत त्या एका शब्दापोटी वर्षाला ३० हजार डॉलरहून जास्त चढतात. तो दिसला तर घाबरून प्रवेश सोडायचा नाही. बहुतेक वेळा प्रतिज्ञापत्र पोचलेलं नसतं, किंवा शाळेचा शेवटचा ट्रान्सक्रिप्ट नसल्याने ते अडकलेलं असतं. दोन्हींच्या प्रती घेऊन फी भरायच्या तारखेआधी रजिस्ट्रारकडे जायचं, एबी ५४० असं स्पष्ट म्हणायचं, आणि सुधारलेलं बिल हातात पडेपर्यंत तिथून उठायचं नाही.