मॅरेथॉनचे पाहुणे

साताऱ्यात सप्टेंबरच्या आसपास खोली मिळणं तसंही अवघड. कासची फुलं बघायला रविवारी अर्धं पुणं येतं, त्यात हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे घाटातली एकवीस किलोमीटरची शर्यत. कास जागतिक वारसा यादीत आलं २०१२ साली आणि ही स्पर्धा सुरू झाली तीही त्याच वर्षी. तेव्हापासून लॉजवाल्यांची चांदीच आहे. आमचं घर समर्थ मंदिराजवळ, म्हणजे बोगद्याकडून यवतेश्वर घाटात चढणाऱ्या धावपटूंच्या वाटेवरच. मुलगा-सून पुण्याला गेल्यापासून वरचा मजला रिकामा. मग म्हटलं, देऊन बघू.

नुसते ॲपवर फोटो टाकूनही गिऱ्हाईक मिळतं, गल्लीत दोघंतिघं तसंच करतात. ह्यांना ते पटेना. म्हणून पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करायची ठरली. मालकाने त्याच घरात राहायला हवं, ही त्यातली मोठी अट. ती आमची आपसूक पुरी झाली. खरा वेळ खाल्ला तो सिटी सर्व्हेच्या उताऱ्याने, म्हणजे घर कुणाच्या नावावर आहे त्या सरकारी कागदाने. त्यावर अजून सासऱ्यांचंच नाव आणि वारसांमध्ये इंदूरच्या नणंदबाई. त्यांची सही मिळेपर्यंत पावसाळा अर्ध्यावर आला. तुमच्या घराचा उतारा जुना असेल, तर बाकी काही करण्याआधी तो हातात घ्या. पडदे, गाद्या नंतर होतात.

भाड्यावरून घरात दोन तट. शेजारी स्पर्धेच्या दोन दिवसांत तिप्पट घेतात. मी नेहमीच्या दिवाळीच्या गर्दीत जो दर चालतो, तोच धरला, पण निम्मे पैसे आगाऊ घेतले. कारण स्पर्धेची नावनोंदणी काही महिने आधीच संपते, लोक तेव्हाच खोली धरून ठेवतात, आणि ऐनवेळी कुणाचा तरी गुडघा धरतो. जागा दुसऱ्याला गेली तर आगाऊ रक्कम परत, नाहीतर नाही, हे फोनवरच स्पष्ट सांगितलं. आधार कार्डाची प्रत सगळ्यांची घेतली. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. आमच्याकडे आले ते कोल्हापूरचे आणि ठाण्याचे, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

धावपटू हा पाहुणा वेगळाच. शनिवारी दुपारी येतो, नंबर आणि टी-शर्ट घेऊन येतो, संध्याकाळी सातला जेवतो. मी कौतुकाने आमटीला आपला सातारी झटका दिला होता, तर ठाण्याची मुलगी म्हणाली, "काकू, आज फक्त वरण-भात. तिखट उद्या, घाट उतरल्यावर." साडेआठला दिवे बंद. आणि नेमका त्याच वेळी चौकात गणपतीच्या ढोलपथकाचा सराव! पोरांना जाऊन सांगितलं, तर त्यांनी आवरलं साडेनऊला. तेवढं पुष्कळ झालं.

पण माझ्या मते सगळा खेळ खोलीचा नाहीच, पहाटेचा आहे. चार वाजता सगळे एकदम उठतात आणि सगळ्यांना एकाच वेळी संडास लागतो. पळायच्या आधी पोट साफ झालं नाही तर त्यांचा जीव वरखाली होतो, तिथे रांग परवडत नाही. वरती एकच संडास, म्हणून सहा जण मागत असताना आम्ही चारच घेतले, आणि खालचाही मोकळा ठेवला. आमच्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळेलाच, तेव्हा गच्चीवरची टाकी आदल्या दिवशी काठोकाठ. चहा, केळी, ब्रेडला जॅम. पोह्यांना कुणी हात लावला नाही. ते मागून, पळून आल्यावर फस्त झाले.

गाड्यांचं आधीच सांगून ठेवलं होतं: सकाळी रस्ता बंद असतो, अंगणातली गाडी स्पर्धा संपेपर्यंत हलत नाही. एकाने ऐकलं नाही, त्याची बारापर्यंत चुळबूळ चालली. बाकीचे स्टार्टला पायीच गेले. परत आल्यावर सगळ्यांना आंघोळ हवीच, म्हणून खोली दोनपर्यंत त्यांचीच ठेवली. दहाला खोली सोडा म्हणणाऱ्या लॉजपेक्षा हे त्यांना फार आवडलं.

कोल्हापूरच्या पाहुण्यांनी जाताना पुढच्या वर्षाचंही विचारलं. मी म्हटलं, गौरी-गणपती कधी येतात ते बघून सांगते. सहीच्या वेळी नणंदबाईंनी तेव्हा यायचं कबूल करून घेतलंय, आणि त्यांना वरचाच मजला लागतो.