जागलीतले अल्बम : हरभऱ्याच्या हंगामाची नोंद

हरभऱ्याला घाटे धरले की यवतमाळकडच्या आमच्या भागात जागल लागते. रानडुकरं एका रात्रीत वावर उकरून टाकतात, आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप शिरला तर सकाळी पाहायलाही काही उरत नाही. मग मचाणावर बसायचं, मधूनमधून बॅटरी मारायची आणि आवाज करत राहायचं. आवाजाचं काम यंदा मी ब्लूटूथ स्पीकरला दिलंय. वावरात रेंज येत-जात असते, म्हणून तालुक्याला गेलो की अल्बम डाउनलोड करून आणतो. नियम एकच : अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकायचा, शफल बंद. यंदाचा विषय इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर वाढलेलं रॉक, आणि पॉप-पंक, म्हणजे गोड चालींचं वेगवान पंक रॉक.

पॉप-पंक म्हणजे मोठ्या शहरातल्या खात्यापित्या पोरांचा टाइमपास, असा आपल्याकडे समज आहे. पण हे बँड आले कुठून ते पाहा. ग्रीन डेचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग कॅलिफोर्नियातल्या रोडिओ नावाच्या, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या छोट्या गावात वाढला. जिमी ईट वर्ल्ड ॲरिझोनातल्या मेसाचे. द वंडर इयर्स पेनसिल्व्हेनियातल्या लान्सडेलचे. इथं काही होत नाही आणि इथून निघताही येत नाही, हे या सगळ्यांचं मूळ दुखणं. यवतमाळच्या स्टँडवर पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट पाहत उभ्या असलेल्या पोट्ट्याला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नवीन माणसाने ग्रीन डेच्या 'डूकी'पासूनच सुरुवात करावी. १९९४चा अल्बम, निर्माता रॉब कॅव्हालो. बर्कलीच्या ज्या गिलमन स्ट्रीट क्लबमध्ये हे घडले, त्याच क्लबने, यांनी मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केल्यावर, यांना दार बंद केलं. या अल्बममधलं 'लाँगव्ह्यू' नीट ऐका. सुरुवातीला गिटार नाहीच. ड्रम आणि माइक डर्न्टचा बेस, तोही आळसावलेला, झुलत झुलत चाललेला. घरात बसून कंटाळलेल्या माणसाचं गाणं आहे, आणि तो कंटाळा शब्दांच्या आधी बेसमध्ये येतो. मग कोरसला गिटार अंगावर कोसळते. फोनच्या स्पीकरवर तो बेस ऐकूच येत नाही आणि अर्धं गाणं वाया जातं. साधे वायरचे इअरफोन लावा, पण लावा. मार्च २०२५मध्ये ही मंडळी मुंबईला लोलापलूझा या संगीत महोत्सवात येऊन वाजवून गेली. तेव्हा आमच्याकडे गहू काढणीला आलेला, जाणार कोण!

त्याही मागचं मूळ हवं असेल तर डिसेंडंट्सचा 'मायलो गोज टू कॉलेज', १९८२. पंधरा गाणी, बावीसेक मिनिटांत खेळ खलास. गायक मायलो ऑकरमन खरंच जीवशास्त्र शिकायला कॉलेजात निघाला होता, म्हणून हे नाव. पुढे त्याने डॉक्टरेटही केली. शेजारच्या वावरातल्या काकांनी हाच अल्बम ऐकून हाक मारली होती, "काय वाजवून राह्यला बे रातभर? डुकरं पयाले, पन माही झोप बी पयाली ना!" काकांचं परीक्षण मला मान्य आहे. मायलो इअरफोनवर ऐकायची गोष्ट नाहीच, मोकळ्या वावरात सोडायची आहे.

ब्लिंक-१८२चा 'एनिमा ऑफ द स्टेट' (१९९९) बहुतेकांना माहीत असतो, त्यामुळे फार लिहीत नाही. ड्रमर ट्रॅव्हिस बार्करचा या बँडबरोबरचा हा पहिला अल्बम, आणि निर्माता जेरी फिनने ध्वनी इतका चकचकीत केलाय की पुढे सगळे त्याचीच नक्कल करत बसले. चावटपणा आहे, मलाही हसू येतं. पण मध्येच 'ॲडम्स साँग' येतं. एकटेपणाचं आणि जीव द्यावासा वाटण्याचं गाणं. आमच्या भागात ते चारचौघांत सहज लावता येत नाही, मी लावतही नाही. शेवटी ते उद्याकडे वळतं, हे ठाऊक असलेल्या माणसानेच ते दुसऱ्याला द्यावं.

शफल बंद का, याचं उत्तर द वंडर इयर्सच्या 'द ग्रेटेस्ट जनरेशन'मध्ये (२०१३) आहे. शेवटचं गाणं सात मिनिटांहून मोठं. त्यात आधीच्या गाण्यांच्या ओळी एकेक करत परत येतात, नव्या चालीत गुंफलेल्या. बाकीचा अल्बम ऐकलेला नसेल तर ते नुसतं लांबलेलं गाणं वाटेल. ऐकलेला असेल तर घशाशी काहीतरी येतं. माझ्या मते या पूर्ण यादीतला सर्वांत भरीव अल्बम हाच, 'डूकी'पेक्षाही. वाद घालायचा असेल तर या मचाणावर.

जिमी ईट वर्ल्डचा 'ब्लीड अमेरिकन' (२००१) सरळ घ्या. कंपनीशी नातं तुटल्यावर यांनी स्वतःच्या पैशाने रेकॉर्डिंग केलं, आणि अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अल्बमचं नावही काही वर्षं बदलावं लागलं. पॅरामोरचा 'रायट!' (२००७) गायिका हेली विल्यम्सच्या आवाजासाठी.

इंडीत माझं पान एकाच ठिकाणी अडकलंय : मॉडेस्ट माउसचा 'द लोन्सम क्राउडेड वेस्ट', १९९७. तासाभराहून मोठा, खडबडीत, कुठे कुठे मुद्दाम बेसूर. मोकळ्या जमिनीवर रस्ते आणि मॉल चढत जातात, त्याचा राग यात आहे. समृद्धी महामार्गाला जमीन गेलेल्या घरचा माझा एक मित्र इंग्रजी गाणी ऐकत नाही. त्याला मी यातलं 'ट्रकर्स ॲटलस' ऐकवलं. दहा मिनिटांवर चालणारं गाणं, एकच लय धरून पळणारं. शब्द त्याला कळले नाहीत. "रातच्या ट्रकवानी हाय हे," एवढंच म्हणाला आणि पुन्हा लावायला सांगितलं.

कार सीट हेडरेस्टचा विल टोलेडो सुरुवातीला आपला आवाज गाडीच्या मागच्या सीटवर बसून रेकॉर्ड करायचा, कारण घरात एकांत नव्हता. बँडचं नाव तिथूनच आलं. एकत्र कुटुंबात गिटार शिकणाऱ्यांनी 'ट्विन फँटसी' या एका कारणासाठी तरी ऐकावा. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत, २०११ची घरगुती आणि २०१८ची नव्याने केलेली. मला घरगुतीच आवडते, घरघर आणि सगळ्यासकट.

इंग्रजी अडत असेल तर दिल्लीच्या द लोकल ट्रेनचा 'आलस का पेड़' (२०१५) घ्या, हिंदीत आहे. गावातली बारावीची पोरं तिथूनच आत येतात आणि मग स्वतःहून ग्रीन डे मागतात.

पुढे बझकॉक्सचा 'सिंगल्स गोइंग स्टेडी' लावणार आहे. १९७९चा, मँचेस्टरचा, आणि वरच्या निम्म्या बँडांचा आजोबा. हरभरा सोंगून खळ्यावर आला की जागल संपेल. मग ऐकणं थ्रेशरशेजारी, आणि तिथं इंडीचा निभाव लागत नाही, म्हणून मायलो परत काढून ठेवलाय.