स्क्रिप्ट फाँटमध्ये नाव बसवताना: माझा अनुभव

प्रमाणपत्रावर नाव टाकायचं असेल तर जाहिरातीतला नमुना बघून मी स्क्रिप्ट फाँट, म्हणजे हाताने लिहिल्यासारखा जोडअक्षरी फाँट, निवडत नाही. नमुन्यात सोयीचीच अक्षरं असतात. जे नाव छापायचं, तेच टाइप करून बघतो. रोमन लिपीत खरी परीक्षा होते ती स्मॉल ओ, बी, व्ही आणि डब्ल्यू यांच्यापुढे. यांची शेवटची रेघ वरच्या अंगाने बाहेर पडते, बाकीच्या बहुतेकांची खालून. पुढे आर किंवा एस आला की सांधा तुटतो, नाहीतर तिथे गाठ दिसते. चांगल्या फाँटमध्ये अशा जोड्यांसाठी वेगळे ग्लिफ, म्हणजे अक्षराचे वेगळे आकार, दिलेले असतात, पण ‘कंटेक्स्चुअल अल्टरनेट्स’ हा पर्याय चालू असेल तरच ते आपोआप येतात. वर्डमध्ये ही खूण फाँटच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये सापडते.

ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमध्ये सारखं वाढवलेलं अंतर, शून्यच ठेवायचं. देवनागरीत अक्षरं फाकवली की शिरोरेषा तुटते, तसे इथे तळाचे सांधे सुटतात. पानं मांडायच्या इनडिझाइन प्रोग्राममध्ये कर्निंग, म्हणजे जोडीतल्या दोन अक्षरांमधलं अंतर, ‘ऑप्टिकल’वर राहिलं तरी तेच होतं, कारण प्रोग्राम आकार बघून स्वतः अंतर ठरवतो. ‘मेट्रिक्स’ केलं की फाँट करणाऱ्याने दिलेलं अंतर मिळतं. अख्खं नाव कॅपिटलमध्ये तर नकोच. लपेटीत लपेट अडकते आणि वाचणारा थांबतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो बारीक रेघेवर. मॅथ्यू कार्टर यांच्या १९६० च्या दशकातल्या स्नेल राउंडहँड या फाँटची शान जाड-बारीक रेघांत आहे: टोकदार निबवर दाब पडला की खाली येणारी रेघ रुंद होते, वर जाणारी केसाएवढी राहते. समजा, १००० एककांच्या एममध्ये (एम म्हणजे फाँटच्या साइझएवढं माप) ती बारीक रेघ १२ एककं आहे. मग २४ पॉइंटला तिची जाडी ०.२८८ पॉइंट होते, १६ पॉइंटला ०.१९२. पांढऱ्या कागदावर ०.२५ पॉइंटच्या खाली मी जात नाही. गडद पट्ट्यावर पांढरं नाव असेल तर ०.५ धरतो, कारण आजूबाजूची शाई पसरून रेघ खाते. म्हणजे तोच फाँट ४२ पॉइंटच्या पुढेच. पाटीसाठी असला फाँट घेऊच नये. तिथे रोजे एक्सकोफाँ यांचा १९५३ चा मिस्ट्रल हा फाँट बरा, त्याची रेघ ब्रशची आणि भरीव आहे.

लपेटदार पर्यायी अक्षरं एका नावात एकच, फार तर दोन. तीही खालच्या ओळीला टेकत नाहीत ना, हे बघून.

शेवटी आउटलाइन, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करणं. अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात. फाइल कटिंग प्लॉटरवर, म्हणजे पात्याने आकार कापणाऱ्या यंत्रावर, गेली की प्रत्येक सांध्यावर पातं फिरतं. अक्षरांना बाहेरून स्ट्रोक दिला तरी सांधे उघडे पडतात. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं ‘युनाइट’ केलं की आकार एकसंध होतो. त्याआधी टाइप केलेली फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा, नाहीतर स्पेलिंग बदलायची वेळ आली की नाव पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागतं.