गाठींचा हिशेब

प्राचीन अमेरिकेबद्दल कुठेही बोलायला गेले की शेवटी कुणीतरी विचारतंच, "माया, अझ्टेक आणि इंका, यांत सगळ्यांत पुढारलेले कोण?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते.

आधी काळाचं बघा. आजच्या ग्वाटेमालातल्या तिकालसारखी माया शहरं ओस पडली ती इसवी सन 900च्या आसपास. अझ्टेकांनी त्यांची राजधानी तेनोच्तित्लान, म्हणजे आजचं मेक्सिको शहर, वसवलं 1325 साली. इंकांचं राज्य पेरूतल्या कुस्को या त्यांच्या राजधानीबाहेर पसरलं ते त्याच्याही शंभरेक वर्षांनी, आणि 1532मध्ये स्पॅनिशांनी इंका सम्राट अताहुआल्पाला कैद केलं तेव्हा त्या साम्राज्याचं वय जेमतेम शंभर. हे तिघे एका रेषेवर उभेच नव्हते, मग शर्यत कसली लावायची?

तरी लोक लावतात आणि इंकांना हमखास तिसरा नंबर देतात. माया लोकांकडे लिपी होती, शून्य होतं: टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. अझ्टेकांनी उथळ तळ्यात गाळ रचून चिनाम्पा शेतं केली आणि त्यांच्या पिकावर राजधानी पोसली. इंकांकडे मात्र ना लिपी, ना चाक. हे ऐकलं की मला राहवत नाही. अँडीज पर्वताच्या उभ्या चढणी, पायऱ्यापायऱ्यांचे रस्ते, ओझ्याला लामा हा उंटाच्या कुळातला प्राणी, तोही गाडा न ओढणारा. तिथे चाकाचं करायचं काय? त्याच डोंगरांतून त्यांच्या रस्त्यांचं जाळं 30,000 किलोमीटरच्या आसपास गेलं होतं.

आणि हिशेब? तो खिपूत. एका जाड दोरीला कापसाचे किंवा लोकरीचे दोरे लोंबत, आणि प्रत्येक दोऱ्यावर गाठी. सगळ्यांत खाली एकक, वर दशक, त्याच्या वर शतक. आपण खूणगाठ मनाशी बांधतो, त्यांनी माणसं, मका, कर सगळं खरोखरच्या गाठींत बांधलं. हे वाचायला आणि सांभाळायला खिपूकामायोक नावाचे जाणकार असत.

लिहिलेलं टिकतं म्हणावं, तर 1562 साली मेक्सिकोतल्या युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पोथ्यांची होळी केली. आज जगात त्यांच्या चारच पोथ्या उरल्यात. इतकं जळून गेल्यावर उरलेल्याची मोजदाद करून आपण नंबर लावणार!

म्हणून हल्ली मी बोलायला जाताना सुतळी घेऊन जाते. 203 बांधून दाखवते: वर दोन गाठी, खाली तीन वेढ्यांची एक लांब गाठ, आणि मधे मोकळी सुतळी. ती मोकळी जागा म्हणजे शून्य. सुतळी हातोहात फिरते, माणसं बोटांनी चाचपून बघतात. परवा एका मुलीने विचारलं, "मग ह्यात नाव कसं बांधायचं?" काही खिपूंच्या गाठी आकड्यांच्या ह्या नियमात बसत नाहीत, आणि त्यांत नावं असतील का, गोष्टी असतील का, ह्यावर अभ्यासक अजून डोकं लावून बसलेत. तिला मी ती सुतळी देऊन टाकली.